कढत पाणी आणि विसण

न्हाणीघरांतील तांब्याचा बंब आतां बहुतेक घरांतून गेला. ज्यांच्याकडे उरला आहे त्यांनीं तो चिंचेनें घासून दिवाणखान्यांत शोभेस ठेविला आहे. परंतु त्या बंबानें आपल्या आज्यांस जें शास्त्र न कळत शिकविलें, तें आज मंगल कार्यालयें, वसतिगृहें व भक्तनिवास चालविणाऱ्या पुष्कळ मंडळींस ठाऊक नसावें असें दिसतें. बंबाच्या नरसाळ्यांत थंड पाणी ओतलें कीं तें नळीनें तळाशीं जाई आणि वरचें तापलेलें पाणी दुसऱ्या बाजूनें बाहेर पडे. सावकाश ओतलें तर कढत पाणी मिळे, घाईनें ओतलें तर कोमट. निखारे तेच, बंब तोच. फरक काय तो ओतण्याच्या वेगाचा.

हाच न्याय आजच्या गीझरासही लागू आहे. (हा शब्द आइसलंडमधील एका उष्णोदकाच्या कारंजाच्या नांवावरून आला. बेंजामिन मॉन या लंडनच्या गृहस्थानें १८६८ सालीं वायूवर पाणी तापविणारें आपलें यंत्र काढलें, त्यास त्यानें हें नांव दिलें.) एक लिटर पाणी एक अंश सेल्सियसनें तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. ‘सहा लिटरचा’ म्हणून विकला जाणारा वायूचा गीझर मिनिटास सहा लिटर पाणी सुमारें पंचवीस अंशांनीं तापवितो, म्हणजे मिनिटास दीडशें किलोकॅलरी देतो. आतां शेजारच्या न्हाणीघरांत कोणी नळ सोडला आणि या गीझरांतील धार चार लिटरांवर आली, तर तीच ज्योत पाणी साडेसदतीस अंशांनीं तापवील. उन्हाळ्यांत गच्चीवरच्या टाकींतून पाणी अठ्ठावीस अंशांवर येत असेल, तर तोटींतून पासष्ट अंशांचें पाणी बाहेर पडेल. डोक्याला साबण लावून डोळे मिटून बसलेल्या मुलास हें कळणार कसें?

साठ अंशांचें पाणी प्रौढ माणसाची कातडीही सुमारें पांच सेकंदांत भाजतें. पन्नास अंशांस त्याच कामास कांहीं मिनिटें लागतात. मॉरिट्झ आणि हेन्रिक्स या अमेरिकन संशोधकांनीं १९४७ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांपासून ही गोष्ट सुप्रसिद्ध आहे. लहान मुलांची व वृद्धांची कातडी पातळ, त्यांस त्याहूनही कमी वेळ पुरतो. शिवाय वृद्धांस पाय चटकन् मागें घेतां येत नाहीं, हें निराळेंच.

गेल्या हिवाळ्यांत एका कार्यालयांत आम्हीं असा प्रकार डोळ्यांनीं पाहिला. पहांटे पांचाला वराकडील मंडळींस उत्तम ऊन पाणी मिळालें. साडेसहाला तें कोमट झालें, सातला गार. तक्रारी होतांच व्यवस्थापकानें तापमानाची खुंटी शेवटपर्यंत फिरविली. खुंटी फिरविल्यानें पाणी लवकर तापत नाहीं. तें केवळ अधिक वेळ तापत राहतें. दुपारीं टाकींत कोणाचें लक्ष नव्हतें, आणि संध्याकाळीं पाय धुण्यास गेलेल्या एका आजोबांच्या दोन्ही पावलांवर फोड आले. सीमांतपूजनाच्या वेळीं ते खोलींत पाय उघडे टाकून बसले होते.

यावर ‘टाकीच पंचेचाळीसावर ठेवा, म्हणजे कोणी भाजणार नाहीं’ असें सुचविलें जातें. तें आम्हांस मान्य नाहीं. पांचशें लिटरांची टाकी घ्या, थंड पाणी वीस अंशांचें धरा आणि स्नानास चाळीस अंशांचें पाणी हवें असें समजा. टाकी पंचेचाळीस अंशांवर असेल तर विसण घालून सव्वासहाशें लिटर, म्हणजे वीस लिटरांच्या एकतीस बादल्या निघतात. साठावर असेल तर निम्म्यास निम्में विसण घालून हजार लिटर, म्हणजे पन्नास बादल्या! (शेवटचें पाणी मिसळून निवतें, तेव्हां प्रत्यक्षांत दोन्हीकडे थोडें कमीच धरावें.) दुसरें कारण अधिक गंभीर आहे. १९७६ सालीं फिलाडेल्फिया येथें माजी सैनिकांच्या संमेलनांत अनेकांस घातक न्युमोनिया झाला. त्याचा जंतु पुढल्या वर्षीं सांपडला व त्यास लिजिओनेला हें नांव मिळालें. हा जंतु वीस ते पंचेचाळीस अंशांच्या सांचलेल्या पाण्यांत वाढतो आणि साठ अंशांस मरतो. कोमट टाकी म्हणजे त्याचें माहेरघरच.

तेव्हां सांठवण साठ अंशांवर आणि विसण न्हाणीघराच्या अलीकडेच, ही व्यवस्था उत्तम. त्यासाठीं उष्णतेप्रमाणें आपोआप कमीजास्त उघडणारी मिश्रण-झडप मिळते. ती एकदां बेचाळीसावर लावून कुलूपबंद करावी. मात्र गरम आणि थंड या दोन्ही नळांस पाणी एकाच उंचीवरच्या टाकींतून यावें. एकीकडे पंपाचा जोर आणि दुसरीकडे गच्चीवरच्या टाकीचा, असें असल्यास जोराचें पाणी दुबळ्या नळांत उलटें शिरतें. तेथें एकेरी झडपा हव्यातच.

धार लावण्याची रीत सोपी आहे. दोन मिनिटें पाणी वाहूं द्यावें, बादलींत तापमापक धरावा, खुंटी थोडी फिरवावी आणि पुन्हां दोन मिनिटें थांबावें. वायूच्या गीझरांत पाण्याची व ज्योतीची खुंटी वेगळी असते. आधीं पाणी ठरवावें, मग ज्योत. धार फारच बारीक केली तर आंतील पडदा उचलला जात नाहीं आणि ज्योत विझते. हा दोष नव्हे, तें संरक्षण आहे. हा गीझर बंद न्हाणीघरांत मात्र मुळींच नसावा. त्याच्या धुरांतील कार्बन मोनॉक्साइडला वास नाहीं आणि तो जीव घेतो.

आणखी एक. पांचशें लिटर पाणी विसावरून साठ अंशांवर गेलें कीं सुमारें साडेसात लिटरांनीं फुगतें. त्यास वाट म्हणून सुरक्षा-झडप असते आणि ती अधूनमधून ठिबकते. ठिबकणें नको म्हणून तींत लांकडी गुट्टी ठोकलेली आम्हीं पाहिली आहे. अशी टाकी फुटूं शकते.

कार्यालय ठरवितांना आपण जेवणाचे पदार्थ व खोल्यांची संख्या विचारतों. त्याबरोबर टाकी किती लिटरांची, विजेच्या कांड्या किती किलोवॅटच्या आणि मिश्रण-झडप आहे कीं नाहीं, हेंही विचारावें. पांचशें लिटरांस सहा किलोवॅटची कांडी असेल तर साठ अंश गांठण्यास जवळजवळ चार तास लागतात. पहिली बादली पहांटे पांचाला हवी असल्यास रात्रीं एकलाच कळ दाबली गेली पाहिजे. ती कोण दाबणार, तें आदल्या दिवशींच ठरवून घ्यावें.