सायकल शिकवताना

प्रतापनगरहून डभोईकडे जाणारी गाडी एके काळी अडीच फूट अंतरावरच्या दोन रुळांवरून धावत असे. सायकलीला तेवढाही आधार नाही. जमिनीशी तिचा संबंध येतो तो दोन-तीन बोटे रुंदीच्या दोन जागी. म्हणून रेल्वे वसाहतीच्या एखाद्या शांत रस्त्यावर प्रथमच सीटवर बसणाऱ्या प्रौढ माणसाला भय वाटले, तर ते निराधार म्हणता येणार नाही. शिकवणाऱ्याने त्याची थट्टा करू नये.

मागून कॅरिअर धरून धावायचे आणि शिकणाऱ्याच्या नकळत हात सोडायचा, ही आपली रूढ रीत. ती फसते याचे कारण उघड आहे. सायकल दुसऱ्याने सावरली की तोल कसा जातो आणि कसा परत येतो, हे शिकणाऱ्याला कळतच नाही. तोल म्हणजे अंग ताठ धरणे नव्हे. तळहातावर काठी उभी करणारा मुलगा काठी कलेल त्या बाजूला हात नेतो. त्याचप्रमाणे सायकल ज्या बाजूला कलते त्याच बाजूला हँडल किंचित वळवावे लागते, म्हणजे चाके पुन्हा शरीराखाली येतात. नवखा मनुष्य भयाने नेमका उलट वळवतो आणि पडतो. फिरत्या चाकांमुळेच सायकल उभी राहते, अशी पुष्कळांची समजूत असते. १९७० मध्ये डेव्हिड जोन्स या ब्रिटिश शास्त्रज्ञाने उलट दिशेने फिरणारे जादा चाक बसवून तो परिणाम नाहीसा केला. तरीही ती सायकल त्याला चालवता आली.

तेव्हा प्रारंभी पायडली काढूनच ठेवाव्या. डाव्या पायडलीचे आटे उलटे असतात. ती घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवली म्हणजे सुटते. सीट इतकी खाली घ्यावी की दोन्ही पाय जमिनीवर पुरते टेकतील. मग पायांनी रेटा देत चालावे, आणि वेग आला की पाय क्षणभर उचलावे. ही युक्ती नवी नाही. १८१७ मध्ये जर्मनीत कार्ल द्राइस याने बनविलेल्या दुचाकीला पायडली नव्हत्याच! उतार अगदी सौम्य असावा, दृष्टी पुढच्या चाकावर न ठेवता दूर असावी आणि ब्रेक आधी ओळखीचा करून घ्यावा. ‘हळू चालव’ हा प्रेमळ उपदेश मात्र टाळावा, कारण मंद गतीत तोल राखणे अधिक कठीण असते.

‘आता या वयात कशाला?’ हा प्रश्न बहुधा घरातील स्त्रीलाच विचारला जातो. तमिळनाडूतील पुदुक्कोट्टै जिल्ह्यात १९९१ च्या सुमारास साक्षरता मोहिमेबरोबर सायकलही शिकवली गेली आणि खेड्यांतील हजारो स्त्रिया ती शिकल्या. पाणी आणणे, बाजार गाठणे, मुलाला शाळेत पोहोचवणे, यांसाठी बसची किंवा घरातल्या पुरुषाची वाट पाहण्याचे कारण त्यांना उरले नाही. अक्षरओळखीच्या मोहिमेत सायकलीला जागा देणाऱ्यांची दृष्टी अचूक होती.

पाय उचलून वीस-पंचवीस पावलांचे अंतर सहज कापता येऊ लागले, की पायडली पुन्हा बसवाव्या. त्या दिवशीही शिकवणाऱ्याने हँडलला हात लावू नये. फार तर शिकणाऱ्याच्या खांद्यामागे हात ठेवून चार पावले बरोबर चालावे.