सातबाऱ्याचे पान आणि ब्राउझर

कांदा, टोमॅटो आणि द्राक्षे यांच्या व्यवहाराने ज्याच्या बाजार समितीचे नाव सर्वदूर झाले आहे, त्या निफाड तालुक्यातील पिंपळगाव बसवंत येथील बागायतदाराला, ज्या नकलेसाठी त्याच्या वाडवडिलांनी तलाठ्याच्या दफ्तराचे उंबरे झिजविले, ती सातबाऱ्याची नक्कल आज भ्रमणध्वनीवर मिळते. परंतु त्या पानावरील अक्षरे आणि रकाने त्याच्या डोळ्यांपुढे कोणत्या रूपात उभे राहावेत, याचा अखेरचा निवाडा महसूल खात्याच्या हाती नसून ब्राउझरच्या हाती असतो, हे सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही.

दूरच्या सर्व्हरवरून येतो तो मजकूर आणि त्याच्या मांडणीविषयीचे हुकूम. ते वाचून पान रचणाऱ्या यंत्रणेस इंजिन म्हणतात, आणि ब्राउझरांतील खरा भेद येथे आहे. क्रोम, एज, ऑपेरा ही नावे निरनिराळी असली तरी तिन्हींच्या पोटात ब्लिंक हेच इंजिन आहे. फायरफॉक्सचे गेको आणि सफारीचे वेबकिट ही मात्र स्वतंत्र घराणी होत. ब्लिंकचा वंशवृक्ष मोठा उद्बोधक आहे: केडीई या मुक्त प्रकल्पाच्या केएचटीएमएलपासून अ‍ॅपलने वेबकिट सिद्ध केले, ते 2003 साली सफारीबरोबर जगापुढे आले, आणि गूगलने 2013 साली त्यातून आपली शाखा वेगळी काढली. ज्या मायक्रोसॉफ्टच्या इंटरनेट एक्स्प्लोररने एके काळी नेटस्केपचे राज्य खालसा केले, त्याच मायक्रोसॉफ्टने 2020 साली एजसाठी गूगलच्याच क्रोमियमचा, म्हणजे क्रोमच्या मुक्त पायाचा, आश्रय घेतला.

मराठी वाचकाला या भेदाची झळ फार पूर्वीच लागली होती. प्रत्येक वृत्तपत्राचा फाँट निराळा, आणि तो संगणकावर नसेल तर बातमीच्या जागी रोमन अक्षरांचा निरर्थक सडा, अशी गत शतकाच्या अखेरीस अवस्था होती. पानाबरोबरच फाँट धाडण्याची तजवीज 1997 च्या सुमारास निघाली खरी. पण नेटस्केपला एक स्वरूप मान्य आणि एक्स्प्लोररला दुसरे, त्यामुळे दोघांचेही वाचक सांभाळावयाचे तर प्रकाशकाला एकाच फाँटच्या दोन आवृत्त्या ठेवणे प्राप्त होते.

युनिकोडने अक्षरांना कायमचे क्रमांक दिले, तरी त्यांच्या जुळणीचा प्रश्न उरलाच. ‘पिंपळगाव’ हेच नाव घ्या. संगणकाच्या स्मृतीत आधी ‘प’ साठविला जातो आणि पहिली वेलांटी त्याच्यामागून येते. पडद्यावर मात्र ती ‘प’च्या डावीकडे काढावी लागते. ही जाण नसलेल्या यंत्रणेत वेलांटी उजवीकडे लोंबकळत राही आणि गावाचे नावच विद्रूप होई. ‘शेतकऱ्याच्या सातबाऱ्यावर’ या दोन शब्दांतील ‘ऱ्या’ची जुळणी तर याहून नाजूक. आज क्रोम आणि फायरफॉक्स हे प्रतिस्पर्धी असूनही हे काम हार्फबझ नावाच्या एकाच मुक्त सॉफ्टवेअर-लायब्ररीकडून करवून घेतात, ही मला या क्षेत्रातील अत्यंत आश्वासक घटना वाटते.

साध्या फोनवर मराठी वाचू पाहणाऱ्यांनी त्यापूर्वी जी युक्ती योजली, तिची नोंद कोणी तरी करून ठेवावयास हवी. ऑपेरा मिनी हा ब्राउझर पान फोनवर न रचता कंपनीच्या सर्व्हरवर रचून, आकसून धाडीत असे. त्याच्या आडबाजूच्या सेटिंगांत गुंतागुंतीच्या लिप्या चित्ररूपाने दाखविण्याची मुभा होती. ती चालू केली की देवनागरी फाँट नसलेल्या फोनवरही शुद्ध मराठी उमटे. फोनमध्ये नव्हती ती लिपी ब्राउझरने बाहेरून आणून दिली!

सरकारी संकेतस्थळांची कथा इतकी सुखावह नाही. ई-निविदेवरील डिजिटल स्वाक्षरीसाठी पुष्कळ ठिकाणी जावाची पुरवणी लागे. क्रोमने तिचा आधार 2015 साली आणि फायरफॉक्सने 2017 साली काढून घेतला, तेव्हा केवळ त्या कामापुरता जुना एक्स्प्लोरर जतन करणे अनेकांना भाग पडले. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठी 2009 सालीच मार्गदर्शक तत्त्वे निघाली असताना, रयतेने अमुकच ब्राउझर वापरावा असा आग्रह कोणत्याही खात्याने धरणे मला सर्वथा अन्याय्य वाटते. 2017 साली आलेल्या जिओफोनची कायओएस ही प्रणाली फायरफॉक्स ओएसपासून निघालेली, अर्थात गेकोवर चालणारी आहे. केवळ क्रोमवर तपासलेले पान त्या फोनवर बिघडले, तर दोष त्या शेतकऱ्याचा कसा मानावा?

1 मे 2018 पासून राज्यात डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा मिळू लागला. तो पीडीएफ रूपात उतरतो आणि बहुतेक ब्राउझर तो स्वतःच उघडून दाखवितात. परंतु पान दाखविणे निराळे आणि स्वाक्षरी पडताळणे निराळे. क्रोमच्या अंगभूत पीडीएफ-दर्शकात स्वाक्षरीची जागा दिसते, मात्र तिच्या खरेपणाची तपासणी तेथे होत नाही. म्हणून जमिनीच्या व्यवहारात समोरच्याने धाडलेली नक्कल ब्राउझरमध्ये नुसती पाहून न थांबता, स्वाक्षरी तपासणाऱ्या स्वतंत्र पीडीएफ-वाचकात उघडावी आणि मगच इसाराची रक्कम मोजावी.