एसएलच्या डोक्यावरचं छप्पर

ज्या दरवाजांमुळे मर्सिडीज-बेंझची 300 एसएल जगभर ओळखली जाते, ते देखणेपणासाठी केलेले नव्हते. रुडॉल्फ उलेनहाउट यांनी 1952 साली शर्यतीसाठी बारीक पोलादी नळ्यांचा सांगाडा रचला. वजन जेमतेम 50 किलो. तो पक्का राहायचा तर बाजूच्या नळ्या उंच ठेवणं भाग होतं, आणि मग नेहमीच्या दरवाजाला जागाच उरेना. म्हणून बिजागऱ्या छपरावर गेल्या आणि दरवाजे पंखांसारखे वर उघडू लागले. त्याच वर्षी या गाडीनं ल मान्सची चोवीस तासांची शर्यत मारली, मेक्सिकोतली कारेरा पानामेरिकानाही.

न्यूयॉर्कचे आयातदार मॅक्स हॉफमन यांनी आग्रह धरला, तेव्हा 1954 मध्ये ती रस्त्यावर चालवण्याजोग्या रूपात आली. तीन लिटरचं इंजिन बॉनेट ठेंगणं राहावं म्हणून तिरकं बसवलेलं, आणि पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये फवारलं जाई. अशा 1,400 गाड्या झाल्या. मात्र दाराच्या काचा खाली होत नसत आणि आत चांगलंच उकडायचं. 1957 मध्ये बाजूंना सांगाडा खाली घेऊन साधे दरवाजे बसवले, छप्पर कापडी केलं, आणि एसएल खऱ्या अर्थानं रोडस्टर झाली. 190 एसएल तिची स्वस्त, शांत धाकटी बहीण.

माझं मन मात्र 1963 च्या 230 एसएलवर आहे. तिचं काढता येणारं कडक छप्पर मधोमध किंचित खोलगट आहे, म्हणून तिला ‘पॅगोडा’ नाव पडलं. काचा उंच ठेवल्यानं आत शिरणं सोपं आणि नजर चौफेर मोकळी. वर त्या खोलगट आकारानं पातळ पत्र्यालाही बळ येतं. रेखाटन पॉल ब्राक यांचं, तर छपरामागचा विचार बेला बारेन्यी यांचा. धडकेत पुढचा-मागचा भाग चुरगळावा आणि मधली बैठक शाबूत राहावी, हा बारेन्यींचाच सिद्धांत या गाडीत उतरला. स्पोर्ट्स कार नाजूक असणारच, हा समज तिनं मोडला. आणि त्याच वर्षी ऑयगेन ब्योहरिंगर यांनी ती हाकत स्पा-सोफिया-लिएज ही खडतर रॅली जिंकली!

1971 ची पिढी अठरा वर्षं चालली. 2,37,287 गाड्या बनल्या. अमेरिकेत उघड्या गाड्यांवर बंदी येईल, अशी तेव्हा धास्ती होती. म्हणून पुढच्या काचेचे खांब गाडी उलटली तरी तग धरतील इतके भक्कम केले. ब्रूनो साको यांनी रेखाटलेल्या 1989 च्या गाडीनं या प्रश्नाला वेगळं उत्तर दिलं. गाडी कलंडतेय हे कळताच आसनांमागे दडलेला दांडा 0.3 सेकंदात उभा राही. एरवी तो दिसतही नाही. सुरक्षेचा इतका सभ्य तोडगा मला दुसरा आठवत नाही.

2001 पासून धातूचं छप्पर बटण दाबताच घडी होऊन डिकीत जाऊ लागलं. हिवाळ्यात ऊब, उन्हाळ्यात आभाळ, अशी ती सोय. पण डिकीतली जागा खाल्ली जाई आणि वजनही वाढलं. त्या मोहात एसएलनं आपला चपळपणा थोडा गमावला, असं मला वाटतं. 2012 मध्ये बॉडी अॅल्युमिनियमची करून सुमारे 140 किलो उतरवावे लागले.

2021 मध्ये मर्सिडीजच्याच एएमजी या विभागानं घडवलेल्या नव्या एसएलनं धातूचं छप्पर सोडून पुन्हा कापडाचं घेतलं. ते आधीच्यापेक्षा 21 किलोंनी हलकं आहे, आणि ताशी 60 किलोमीटर वेगापर्यंत चालत्या गाडीतही सुमारे पंधरा सेकंदांत उघडतं.