महाबळेश्वर आणि पाचगणी एकाच चौकोनात

भारतीय हवामान विभाग देशभरातल्या दैनंदिन पावसाची जाळीबद्ध आकडेवारी देतो. ती 1901 पासूनची, दर वर्षाची एक फाइल. पाव अंशाच्या जाळीत 135 रेखांश आणि 129 अक्षांश, म्हणजे रोजचे 17,415 आकडे. त्यातून आपल्याला हवा फक्त महाबळेश्वरचा पाऊस.

गाव साधारण 17.92 उत्तर, 73.66 पूर्व इथे आहे. जाळीचा सर्वांत जवळचा बिंदू 18.00, 73.75. अक्षांश 6.50 पासून मोजले तर ही ओळ 47वी आणि रेखांश 66.50 पासून मोजले तर स्तंभ 30वा. प्रत्येक दिवसाच्या तक्त्यातून तेवढंच घर उचलत जायचं, की झाली कालमालिका तयार. संगणकाला हे काम किरकोळ.

खरी गोम पुढे आहे. पाचगणीसाठी शोधलं तरी हाच बिंदू हाती लागतो! सह्याद्रीच्या माथ्यावरचा धुवाधार पाऊस आणि थोडं पूर्वेला असलेल्या पाचगणीचा त्याहून कितीतरी कमी पाऊस, दोन्ही एकाच आकड्यात गुंडाळले जातात. किनाऱ्यावरच्या गावाचा जवळचा बिंदू समुद्रात पडला, तर उणे 999 येतो. तो पाऊस नव्हे, आकडा नसल्याची खूण आहे. बेरजेआधी ती काढून टाका. आणि घाटमाथ्यावरच्या गावाचा पाऊस हवा असेल, तर तिथल्या पर्जन्यमापकाच्या नोंदींशी ताडून पाहिल्याशिवाय आलेख छापू नका.