"अल्लाह मालिक है" म्हणून खाटेवर पडून राहणे म्हणजे तवक्कुल नव्हे

आपल्या वर्धा जिल्ह्यात कापूस आणि सोयाबीनवर घरे चालतात. ज्यांची शेती नाही त्यांचे दुकान, गॅरेज, शिलाई मशीन हेही शेवटी शेतीच्या पैशावरच. पीक गेले की सगळेच बसते. शेतकरी आत्महत्या वाढल्या तेव्हा २००६ साली केंद्र सरकारने विदर्भातील सहा जिल्ह्यांसाठी ३,७५० कोटी रुपयांचे पॅकेज जाहीर केले, त्यात वर्धाही होता. पुढे २०१७ ला गुलाबी बोंडअळी आली, २०२२ च्या जुलैत अतिवृष्टी. निराशा माणसाला कुठवर नेते, हे या जिल्ह्याला कुणी सांगायची गरज नाही.

अशा दिवसांत मशिदीच्या पायऱ्यांवर एक वाक्य हमखास ऐकू येते, "अल्लाह मालिक है." वाक्य शंभर टक्के खरे आहे. पण एक जण ते बोलून तलाठ्याकडे पंचनाम्याची चौकशी करायला निघतो आणि दुसरा तेच बोलून खाटेवर आडवा होतो. दोघांनाही वाटते, आपला तवक्कुल पक्का आहे.

तवक्कुल आणि वकील हे दोन्ही शब्द एकाच अरबी मुळातून आलेले आहेत. वकील म्हणजे ज्याच्यावर आपण आपले काम सोपवतो. आता केस वकिलाकडे दिली म्हणून आपण कागदपत्रे आणून द्यायचे थांबतो का? तारखेला गैरहजर राहतो का? उंटाच्या मालकाची हदीस तर आपल्या मुलांनाही पाठ असते. उंट मोकळा सोडून अल्लाहवर भरवसा ठेवू का, असे त्याने विचारले, तेव्हा प्रेषितांनी (सल्ल.) त्याला आधी उंट बांधायला आणि मग भरवसा ठेवायला सांगितले.

सूरह यूसुफमधले हजरत याकूब (अलै.) यांचे उदाहरण आम्हाला याहून जवळचे वाटते. यूसुफ (अलै.) हरवून वर्षे लोटली होती, त्यात दुसरा मुलगाही दूर अडकला. त्या वेळी ते मुलांना सांगतात की जा, यूसुफचा आणि त्याच्या भावाचा शोध घ्या आणि अल्लाहच्या कृपेपासून निराश होऊ नका. दोन्ही गोष्टी एकाच आयतीत, ८७ व्या. शोध घेण्याचा हुकूम आधी, आशा त्याला जोडून. घरी वाट पाहत बसा, असे ते म्हणत नाहीत.

आणि हेच याकूब (अलै.) रडले सुद्धा. इतके की दुःखाने त्यांचे डोळे पांढरे झाले, असे कुरआनच सांगते. हे आम्ही मुद्दाम लिहितो आहोत, कारण आपल्याकडे कुणी खचला, झोप उडाली, बोलेनासा झाला की लगेच "ईमान कमजोर झाले" असा शेरा मारला जातो. मग तो माणूस घरातही तोंड उघडत नाही. पैगंबरांच्या डोळ्यांतून पाणी आले तर आपल्या भावाच्या डोळ्यांत का येऊ नये? प्रेषितांनी (सल्ल.) आजारावर औषधोपचार करायला सांगितले आहे, आणि मनाचा आजार हाही आजारच. त्याला दोन वेळा हिंमत दिली, दुआ दिली, तर तिसऱ्या वेळी डॉक्टरकडेही घेऊन जा.

कर्जाचेही तसेच. प्रेषित (सल्ल.) एका दुआत चिंता आणि दुःखापासून अल्लाहचा आश्रय मागत, त्याच दुआत आळस आणि कर्जाच्या ओझ्यापासूनही. तेव्हा नमाजनंतर ही दुआ करणाऱ्याने घरी जाऊन सावकार, बँक, सोसायटी, कुणाचे किती देणे आहे ते वहीत मांडावे आणि बायकोला दाखवावे. बहुतेक घरांत तिला आकडाच माहीत नसतो.

कुणाच्या मनात जीव देण्याचे विचार येत असतील तर त्याला एकटे सोडू नका. सरकारची टेलिमानस हेल्पलाइन १४४१६ रात्रंदिवस चालू असते, मराठीतही बोलता येते, पैसे लागत नाहीत. नंबर घरातल्या सगळ्यांच्या मोबाइलमध्ये आजच सेव्ह करून ठेवा.