विद्युत् मोटारीचा पल्ला आणि नांदेड–धर्माबाद ‘अपडाऊन’

नांदेडास बिऱ्हाड आणि धर्माबादेस नोकरी, हा क्रम कित्येक शिक्षकांच्या व कचेऱ्यांतील नोकरवर्गाच्या अंगवळणी पडलेला आहे. मनमाड–सिकंदराबाद लोहमार्गाने त्याची सोय केली खरी. परंतु आगगाडीची वेळ आणि कामाची वेळ यांचा मेळ नेहमीच बसतो असे नाही. मग मोटारीचा विचार पुढे येतो. सडकेने हे अंतर जाऊन-येऊन सुमारे १६० किलोमीटर भरते. घरी रात्रभर चार्ज केलेली लहान विद्युत् मोटार एवढी मजल रोज मारू शकेल काय, हे पाहणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

पहिल्या पिढीतील मोटारींपुरते उत्तर सरळ होते. २००१ साली बंगळूर येथे निघालेल्या ‘रेवा’चा पल्ला सुमारे ८० किलोमीटर होता; ती धर्माबादेस कशीबशी पोहोचली असती, पण परतली नसती. २०२२ साली आलेल्या टाटा टियागो ईव्हीच्या २४ युनिटांच्या (किलोवॉट-तास) बॅटरीस मात्र प्रमाणित पल्ला ३१५ किलोमीटर दिलेला होता. हा आकडा गरजेच्या जवळजवळ दुप्पट असल्याने शंकेस जागा नाही असे वाटेल. परंतु प्रमाणनाची चाचणी कमी सरासरी वेगाने व वातानुकूलन बंद ठेवून होते. वैशाखातील मराठवाड्यात या दोन्ही अटी पाळणे कठीण आहे.

सपाट सडकेवर समान वेगाने जाणाऱ्या गाडीस मुख्यतः दोन रोधांवर मात करावी लागते. चाकांच्या लोटण्याचा रोध वेगाबरोबर फारसा बदलत नाही. हवेचा रोध मात्र वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. गाडीचे वजन माणसांसह १,३०० किलोग्रॅम, लोटण-रोधाचा गुणांक ०.०१, हवेच्या रोधाचा गुणांक व दर्शनी क्षेत्रफळ यांचा गुणाकार ०.७ चौरस मीटर, यंत्रणेची कार्यक्षमता ८५ टक्के आणि वातानुकूलनाचा भार १ किलोवॉट मानू. यावरून दर किलोमीटरचा खर्च ताशी ६० किलोमीटर वेगास सुमारे ९५, ८० वेगास १२० व १०० वेगास १५३ वॉट-तास येतो. बॅटरीचा पाचवा हिस्सा अडीअडचणीसाठी राखला तर १९.२ युनिटे उरतात. त्यांवर पल्ला अनुक्रमे सुमारे २००, १६० व १२५ किलोमीटर मिळतो. म्हणजे ताशी १०० वेगाने जाणाऱ्यास एका वाटेवर अवघी १२ मिनिटे वाचतात, आणि त्यापायी पल्ल्यातील ३५ किलोमीटर खर्ची पडतात.

हा हिशेब नव्या बॅटरीचा झाला. वर्षास २५० दिवस असा प्रवास केल्यास ४०,००० किलोमीटर होतात. बॅटरीवरील हमी बहुधा ८ वर्षे अथवा १,६०,००० किलोमीटर, यांपैकी जे आधी संपेल तोपर्यंत असते. येथे ती चार वर्षांतच संपते. तोवर क्षमता २० टक्क्यांनी घटली असे धरल्यास, तेवढाच राखीव हिस्सा ठेवून ताशी ८० वेगाचा पल्ला सुमारे १२८ किलोमीटरवर येतो. जो प्रवास पहिल्या वर्षी जेमतेम साधत होता, तो पाचव्या वर्षी साधत नाही. मोठ्या बॅटरीची गाडी घेणे हा यावरील एक उपाय होय. पण तीत किंमत व वजन दोन्ही वाढतात.

दुसरा उपाय स्वस्त असूनही दुर्लक्षित राहतो. गाडी धर्माबादेस दिवसा सहा-सात तास नुसती उभी असते. साध्या पॉवर प्लगमधून १० अँपिअर प्रवाह घेतला तर सहा तासांत १३.८ युनिटे मिळतात. वाटेतील तूट वजा जाता सुमारे १२ युनिटे बॅटरीत साठतात. ताशी ८० वेगाने त्यांवर १०० किलोमीटर जाता येते, आणि परतीचे अंतर तर ८० किलोमीटरच आहे. त्यासाठी शीघ्र चार्जिंग केंद्राची वाट पाहावी लागत नाही. पक्के अर्थिंग, योग्य जाडीची तार, स्वतंत्र मीटर आणि डोक्यावर सावली एवढे पुरे होते. वीज गेली तरी सकाळच्या राखीव साठ्यावर व मंद वेगावर परत येणे नव्या गाडीस शक्य असते. जुनीस मात्र ते जिकिरीचे होईल.

तात्पर्य, रोजच्या प्रवासात पल्ला हा केवळ गाडीचा गुणधर्म नसून वेग, ऋतू, बॅटरीचे वय आणि मुक्कामाच्या ठिकाणची वीज यांचा तो एकत्रित परिणाम आहे. यांपैकी पहिली गोष्ट चालकाच्या हाती आहे. शेवटची मात्र त्याच्या हाती नाही. ती शाळेच्या वा कचेरीच्या व्यवस्थापनाने मनावर घ्यावयाची आहे.