साडेचार मिलिमीटर

१८ डिसेंबर २०२४ रोजी नौदलाची स्पीडबोट घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ लाँचवर आदळली. तेव्हापासून लाँचमध्ये चढलं की जो तो आधी लाइफ जॅकेट शोधतो. मीही शोधतो. पण जॅकेट कामी येतं ते लाँच बुडायला लागल्यावर. ती बुडू नये म्हणून कोण काय करतं, ते बघायला ऑगस्टात उरणकडच्या एका खाडीवर गेलो. पावसाळ्यात बऱ्याच फेऱ्या बंद असतात, तेव्हाच लोखंडी लाँच किनाऱ्यावर ओढून घेतात. १७ जुलै १९४७ ला, असल्याच दिवसांत, रेवसला निघालेली ‘रामदास’ बोट बुडाली आणि सहाशेहून अधिक माणसं गेली. ते इथं कुणाला सांगावं लागत नाही.

एका लाँचचे शिंपले खरवडून, तळ धुऊन झाला होता. साठीचे एक काका लाँचखाली उताणे पडून हातोडीने पत्रा ठोकत होते. टण, टण, टण, आणि मध्येच ठप्प. ठप्प झालं की खडूने गोल काढायचा. मग गेजवाला पोरगा तिथं जेल लावून पत्र्याची जाडी मोजायचा.

“साडेचार.”

मूळ पत्रा सहाचा. म्हणजे पाव पत्रा खाऱ्या पाण्याने खाल्ला. पुढच्या गोलातही साडेचारच. काका म्हणाले, “तो आता सांगतोय. हातोडीनं मगाशीच सांगितलं.”

मॅनेजर खाली वाकला. “काका, वरून डबलर मारून घेऊ की.”

डबलर म्हणजे झिजलेल्या पत्र्यावर दुसरा पत्रा वेल्ड करून लावलेलं ठिगळ. काम लवकर उरकतं, वर रंग मारला की देखणंही दिसतं, आणि आत गंज सुखाने वाढत राहतो. खरी दुरुस्ती म्हणजे पत्रा कापून नवा बसवणं. त्यासाठी आतलं फ्लोअरिंग उचकटावं लागतं, दिवस मोडतात.

खलाशाला नोकरीवर घेतलं की जहाज समुद्रात नेण्याजोगं ठेवण्याची हमी मालकाने दिलीच, कागदावर नसली तरी, असं १९५८चा मर्चंट शिपिंग कायदा धरून चालायचा. २०२१च्या अंतर्देशीय जलयान कायद्यानेही सर्व्हे सर्टिफिकेटशिवाय बोट चालवता येत नाही. सगळी जबाबदारी मालकाची. मालक मात्र तळाखाली कधी येत नाही. येतो त्याचा फोन.

दुपारी सर्व्हेअर आले. गोल बघितले, आकडे बघितले. “कापा,” एवढंच बोलले.

मॅनेजर फोन घेऊन बाजूला गेला. “शेठ, साडेचारच आहे... हो, सगळीकडे... नाही, डबलर नाही चालणार म्हणतात. गणपतीच्या आधी नाही निघत लाँच.”